चार नवे टायर आणि ३०.७ किलोमीटर

४१,२६० किमी

आज सकाळी नक्षीची खोली मोजायचं गेज घेऊन चारही चाकांपाशी बसले. पुढचे दोन्ही २.३ मिमी, मागचे ३.४ आणि ३.५. कायद्याने १.६ पर्यंत चालतं, म्हणजे कागदोपत्री अजून दिवस आहेत. पण परवाच्या वळवात कर्वे पुतळ्याच्या सिग्नलला पुढची चाकं झेब्रा क्रॉसिंगच्या ओल्या पट्ट्यावर उभी होती. हिरवा लागला, पाय रोजच्यासारखाच टेकवला आणि चाकं जागच्या जागी फिरली. मागे पीएमपीची बस. बाबा शेजारी होते. ते एवढंच म्हणाले, "टायर बघ गं."

गाडी २०२१ ची नेक्सॉन ईव्ही, ३०.२ युनिटची बॅटरी. मोटर पुढच्या चाकांवर, २४५ न्यूटन-मीटरचा टॉर्क पाय ठेवल्याबरोबर हजर, आणि पाय काढला की रीजनची, म्हणजे मोटरच ब्रेकसारखी धरून बॅटरीत वीज परत भरते त्याची, ओढही त्याच दोन चाकांवर. शिवाय बॅटरीचं वजन. पुढचे टायर आधी जाणारच होते. तरी पुढचे-मागचे अदलाबदल मी ४१ हजारांत एकदाच केले. दर आठ-दहा हजारांनी केले असते तर चारही सारखे झिजले असते. नवीन ईव्ही घेणाऱ्यांनो, हे पहिल्या सर्व्हिसपासून वहीत लिहून ठेवा.

४१,४१० किमी

दोन घ्यायचे की चार? मागच्यांत अजून जीव आहे, म्हणून दोनच घेऊन पुढे टाकावेत असं मनात होतं. आमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्या दादांनी थांबवलं. "ताई, दोनच घेतले तरी नवे मागे टाका."

मला हे उलटं वाटलं, कारण घसरली होती ती पुढचीच चाकं. दादांनी हाताचा पंजा आडवा धरून दाखवलं. पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते. पाय काढला, वेग उतरला की ती पुन्हा हातात येते. मागची सुटली तर शेपूट बाजूला जातं आणि गाडी गरकन फिरते, तिथे बहुतेकांचं स्टिअरिंग चुकतं. कात्रजच्या जुन्या घाटात उतरताना, ओल्या वळणावर रीजन लागलेलं असताना, हे फार पटतं. पण नवे मागे टाकले तर पुढे झिजलेलेच राहणार, तेव्हा चारही घ्यायचं ठरलं. दोन महिने दुसरे खर्च मागे.

४१,६४० किमी

निवडीत तीन आठवडे गेले, त्यातले पहिले दोन वाया. मी फक्त रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते, एवढंच बघत होते.

साईज २१५/६० आर १६. त्यापुढचा ९५ म्हणजे एका टायरला ६९० किलो, एच म्हणजे ताशी २१० पर्यंत. वेगाचं आपल्याला काही नाही, पण भाराचा आकडा ९५ च्या खाली नेऊ नका. थोडे स्वस्त मिळतात म्हणून कमी भाराचे टायर ईव्हीला लावणं धोक्याचं आहे. याच साईजमध्ये ९९ एक्सएल, म्हणजे जास्त भाराचा, येतो, तो ७७५ किलोचा. चार माणसं आणि सामान घेऊन सारखा घाट करणाऱ्यांनी तो बघावा. आमच्या वापराला ९५ पुरतो.

खास ईव्हीचे म्हणून आता आपल्याकडे टायर मिळतात, अपोलोचा अँपेरियॉन, सिएटचा एनर्जीड्राइव्ह. कल्पना अशी की टायर हलका फिरावा, म्हणजे रोलिंग रेझिस्टन्स कमी, आवाज कमी आणि अंगाने भक्कम. काही महागड्या टायरांना आतून फोमची पट्टी चिकटवलेली असते. केबिनमधली घूं कमी होते, पण पंक्चर काढताना ती पट्टी कापून पुन्हा बसवावी लागते. रस्त्याकडेच्या दुकानात हे होईल याची मला खात्री नाही, म्हणून फोमवाले यादीतून काढले.

मला सर्वांत उपयोगी पडलं ते युरोपातलं लेबल. त्यावर तीन गोष्टी असतात: रोलिंग रेझिस्टन्सची श्रेणी, ओल्या रस्त्यावरच्या पकडीची श्रेणी आणि आवाजाचं डेसिबल. हा आवाज गाडीबाहेर मोजलेला असतो, आपल्या कानाशी त्याचा थेट संबंध नाही. माझ्या यादीतला एक टायर रेंजला उत्तम आणि ओल्या पकडीला मध्यम, दुसरा नेमका उलटा. दोन्ही गोष्टी एकाच रबरातून काढणं अवघड आणि महाग असतं, म्हणून हा पेच कुठल्याही ब्रँडमध्ये भेटतो.

पुण्यात जूनपासून चार महिने रस्ता ओला. त्यात नवले पुलाचा उतार, मेट्रोच्या कामाजवळची माती, पहिल्या सरीनंतर वर आलेलं ऑइल. मी ओल्या पकडीला झुकतं माप दिलं आणि दहा-पंधरा किलोमीटर रेंज जाईल हे मनाशी मान्य केलं. टायरचं नाव आत्ता लिहीत नाही. एका गाडीवरच्या पहिल्या सेटवरून कुणी हजारो रुपयांचा निर्णय घेऊ नये.

४१,६९२ किमी, बसवले

नाना पेठेत दोन दुकानं फिरले. पहिल्याने चार टायर समोर मांडले. मी प्रत्येकाच्या कडेवरचे चार आकडे वाचले. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष, म्हणजे २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. तीन टायर एका महिन्यातले निघाले आणि चौथा दीड वर्ष जुना. बदलून मागितला तर "काही फरक पडत नाही" असं उत्तर मिळालं, म्हणून तिथून निघाले.

दुसऱ्या दुकानात माल ताजा होता. पण तिथल्या मुलाने ट्रॉली जॅक सरळ गाडीच्या पोटाखाली सरकवला. मी ओरडलेच. तिथे बॅटरी आहे! जॅक फक्त दाराखालच्या पट्टीवरच्या ठरलेल्या खुणांवर लावायचा. मुलगा समजूतदार होता, खाली वाकून खुणा बघितल्या आणि मग चारही वेळा बरोबर लावला. ईव्ही घेऊन टायरच्या दुकानात गेलात तर त्या दहा मिनिटांत चहाला जाऊ नका.

नव्या टायरांची एक बाजू बाहेरचीच आहे, कडेवर तसं लिहिलेलं असतं. चारही तपासले. बॅलन्सिंग, अलाइनमेंट, नवे व्हॉल्व्ह. हवा दुसऱ्या दिवशी सकाळी, टायर थंड असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे पुन्हा बघितली. दुकानातून चार पीएसआय जास्त आली होती.

४२,०५० किमी

मन खट्टू. वारजे ते हिंजवडी याच रस्त्यावर जुन्या टायरांवर किलोमीटरला १३१ वॅट-तास जायचे, आता १४१. चुकीचे टायर घेतले की काय, या विचाराने रात्री झोप लागेना.

मग एक गोष्ट सुचली. मीटर किलोमीटर मोजत नाही, चाकाच्या फेऱ्या मोजतो. या चाकाचा व्यास साधारण ६६४ मिमी. नव्या टायरची खोली ७.६, जुन्या पुढच्यांची २.३. फरक ५.३, तो दोन्ही बाजूंनी धरला की व्यासात १०.६ मिमी, म्हणजे १.६ टक्के. झिजलेलं चाक लहान, त्यामुळे फेऱ्या जास्त आणि मीटरवर किलोमीटरही जास्त. जुना १३१ हा आकडाच फुगवलेल्या किलोमीटरांवर काढलेला होता.

नशिबाने मेमध्ये लोणावळ्याला जाताना एक्सप्रेसवेवर ९० च्या दगडापासून ६० च्या दगडापर्यंत मीटर ताडून बघितलं होतं, वहीत नोंद आहे: ३०.७. रविवारी बाबांना घेऊन पुन्हा गेले. बाबा दगड बघत होते, मी मीटर. या वेळी ३०.२.

त्या हिशोबाने जुना खरा आकडा १३४, नवा १४२. दहाचा फरक आठवर आला. उरलेल्यातही पावसाचा वाटा आहे, कारण ओल्या रस्त्यावर प्रत्येक चाकाला पाणी बाजूला सारत जावं लागतं. आणि झिजलेला टायर तसाही हलका फिरतो, दबणारं रबरच कमी उरलेलं असतं. मी मेमधल्या कोरड्या रस्त्यावरचे मरायला टेकलेले टायर जूनमधल्या ओल्या रस्त्यावरच्या कोऱ्या टायरांशी ताडत होते.

४४,२०० किमी

पाऊस उघडलेल्या आठवड्यात तोच रस्ता, तीच वेळ, एसी २५ वर: १३६. दुरुस्त करून १३७. म्हणजे किलोमीटरला ३ वॅट-तास जास्त. पूर्ण चार्जला पाच किलोमीटरसुद्धा जात नाहीत.

मधल्या काळात ताम्हिणी एकदा भर पावसात झाला. डोंगरवाडीच्या पुढे रस्त्यावरून पाणी आडवं वाहत होतं, वेग चाळीस. स्टिअरिंग एकदाही हलकं पडलं नाही. कर्वे पुतळ्याचा तो पट्टाही मुद्दाम दोनदा ओला असताना पार केला, चाकं फिरली नाहीत. आवाज जुन्यांपेक्षा थोडा जास्त आहे, खडबडीत काँक्रीटवर विशेष. तो मला खटकतो.

आजची खोली: पुढचे ७.२, मागचे ७.४. अदलाबदल ५०,००० ला, हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहिला आहे.