आत्याचं जांभळं पाणी

आत्याने तिच्या अल्कलाइन पाण्याच्या मशीनमधून ग्लास भरला, त्यात रंगाने आम्लता दाखवणाऱ्या औषधाचे दोन थेंब टाकले आणि पाणी जांभळं झालं. "बघ, अल्कलाइन! म्हणजे आम्लाच्या उलट. शरीरातलं आम्ल कमी करतं म्हणे." नळाच्या पाण्यात टाकले, ते हिरवट.

मी लगेच शहाणपणा केला. म्हटलं, पोटातलं आम्लच पीएच दोनच्या आसपास (पीएच म्हणजे आम्लतेचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल तीव्र), तिथे हे पाणी कुठे टिकणार? आणि रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्येच राहतो, ते फुप्फुसं आणि मूत्रपिंडं बघतात. खाण्यापिण्याने बदलते ती फार तर लघवी.

आत्या शांतपणे म्हणाली, "वीस वर्षं तुझ्या आतोबांना बलक काढून अंडं दिलं. डॉक्टर म्हणाले, बलकात कोलेस्टेरॉल असतं म्हणून. आता म्हणतात, खा. ते बलक कोण परत देणार?"

इथे माझी बोलती बंद. रोज ३०० मिलिग्रॅमची कोलेस्टेरॉलची मर्यादा अमेरिकेच्याच २०१५-२० च्या आहारसल्ल्यातून निघाली, हे मला माहीत होतं. पण का निघाली, हे आतोबांना कुणी बसून सांगितलं? मशीनवाला मात्र दर महिन्याला फोन करून "काकू, बरं वाटतंय ना?" विचारतो.

निघताना तिने बाटली भरून दिली. रिक्षात प्यायलो. पाण्यासारखंच लागलं.

तुमच्या घरी आहे का हो असं मशीन?