बिनपैशाच्या काऊन्सेलिंगसाठी केलेली पायपीट

धाकट्या भावाचे ईसीजी, टूडी इको, थायरॉईड असे सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि फिजिशियननी कागदावर लिहून दिलं: पॅनिक अटॅक (अचानक येणारा तीव्र भीतीचा झटका), मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आमच्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ नाहीत. जिल्ह्याच्या गावी खासगी आहेत, पण भाऊ एमआयडीसीत कंत्राटी कामगार. एकदा दाखवून येणं जमलं असतं, दर आठवड्याला फी भरणं जमणारं नव्हतं. म्हणून सरकारी आणि संस्थांच्या वाटा धुंडाळत निघालो. महाराष्ट्रातल्या छोट्या गावांतून जे कोणी याच रस्त्याने निघतील, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

घरातून निघण्याआधी एक फोन करा: 14416. ही टेलीमानस, केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन. 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. आम्ही रात्री लावला होता, कारण भावाला झटका रात्रीच यायचा. समोरच्या बाईंनी आधी त्याच्याशी बोलून श्वास जागेवर आणला आणि मग माझ्याशी बोलल्या. या फोनवर रोगनिदान पक्कं होईल अशी अपेक्षा ठेवू नका. पण जवळच्या सरकारी रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी कुठल्या वारी असते, एवढं विचारून घ्या. चुकीच्या वारी गेलात तर बसभाडं आणि हजेरी दोन्ही गेली.

सकाळच्या पहिल्या एसटीने सिव्हिलला गेलो. आई हट्टाने बरोबर आली, आणि तिचं येणं फायद्याचंच ठरलं. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, आणि डॉक्टरांनी ‘हे कधीपासून?’ विचारल्यावर भावाला आठवत नव्हतं ते तिने वर्षानिशी सांगितलं.

राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालयं, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सिव्हिलपर्यंत, 15 ऑगस्ट 2023 पासून मोफत आहेत. केसपेपरलाही पैसे नाहीत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतात, तिथे केसपेपर आणि तपासण्यांचं थोडंफार शुल्क लागतं. दोन्ही ‘सरकारी दवाखाना’च, पण हा फरक माहीत नसला की खिडकीवर उगीच वाद होतो. आमच्या पुढच्या माणसाचा झाला.

सिव्हिलमध्ये ‘समुपदेशन’ अशी पाटी दिसली की लगेच आत शिरू नका. बहुतेक ठिकाणी ती खोली एचआयव्ही तपासणीच्या केंद्राची असते. ‘मैत्री क्लिनिक’ हे किशोरवयीन मुलामुलींसाठी, म्हणजे दहा ते एकोणीस वर्षांच्या. घरात त्या वयाचं कोणी असेल तर ग्रामीण रुग्णालयातही ते सापडू शकतं, विचारा. मोठ्यांनी मनोविकार विभागच विचारायचा. आणि दिव्यांग प्रमाणपत्राचा वार टाळायचा. त्या दिवशी बुद्ध्यांक तपासणीसाठी आलेल्यांची रांग बाहेर जिन्यापर्यंत असते आणि विभागातले मानसशास्त्रज्ञ त्यातच अडकलेले असतात. आमच्याकडे तो बुधवार निघाला. तुमच्याकडचा वार रजिस्ट्रेशनच्या खिडकीवर विचारा.

डॉक्टरांनी पाच-सात मिनिटं दिली. त्यात त्यांचा दोष नाही, बाहेर साठेक माणसं होती. गोळी लिहून दिली, परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतील असं सांगितलं, आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका अशी तंबी दिली. इथे बरेच जण कागद घेऊन मेडिकलच्या खिडकीकडे वळतात. तुम्ही वळू नका. खोलीतून उठण्याआधी सरळ विचारा: ‘डॉक्टर, गोळीबरोबर बोलण्याचे उपचार हवेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवाल का?’ जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मानसोपचारतज्ज्ञाबरोबर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि मनोसामाजिक कार्यकर्ता अशी पदं असतात. पद भरलेलं असलं तर काम तिथेच होतं. मागितल्याशिवाय मात्र ते क्वचितच कोणी सुचवतं.

आमच्या नशिबी ते पद रिकामं होतं. तिथल्या कार्यकर्त्या बाईंनी केसपेपरच्या मागे दोन पत्ते लिहून दिले. एक मेडिकल कॉलेजचा, दुसरा शहरातल्या एका प्रशिक्षण संस्थेचा. मेडिकल कॉलेजची तारीख दीड महिन्यानंतरची मिळाली. ती घेऊन ठेवली आणि संस्थेत गेलो.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होण्यासाठी एम.फिल.सारखा अभ्यासक्रम करतात, त्यात रुग्णांबरोबर प्रत्यक्ष काम करावं लागतं आणि प्रत्येक केसवर वरिष्ठांची देखरेख असते. अशा संस्थांमध्ये शिकाऊ थेरपिस्टकडे बसलं तर फी नसते किंवा नाममात्र असते. ‘शिकाऊ’ म्हटल्यावर भावाचं तोंड वाकडं झालं. माझंही मत आधी फार वेगळं नव्हतं, पण पहिल्याच भेटीत त्या मुलीने पाऊण तास नुसतं ऐकून घेतलं, खोदून खोदून विचारलं. पुढच्या वेळी तिने आधीची प्रत्येक गोष्ट लक्षात ठेवली होती. वरिष्ठ मॅडमना दाखवावं लागतं म्हणून टिपणं चोख. घाईतल्या तज्ज्ञापेक्षा देखरेखीखालचा शिकाऊ बरा, असं माझं मत झालंय.

आत काय चालतं याचं कुतूहल सगळ्यांनाच असतं, म्हणून भावाने सांगितलेलं त्याच्या परवानगीने लिहितो. वहीच्या पानावर उभ्या रेघा मारून चार रकाने केले: काय घडलं, मनात काय आलं, अंगात काय झालं, पुढे काय केलं. त्याच्या पहिल्या ओळीत लिहिलंय: ‘सेकंड शिफ्ट, मशीन तापलं, वाटलं आता हार्टफेल, छातीत धडधड, सुपरवायझरला सांगून बाहेर आलो.’ मग तिने त्याला संस्थेचा जिना दोन मजले भराभर चढायला लावला. वर पोचल्यावर धडधड तीच, घामही तोच. ‘आता हार्टफेल होतोय का?’ तिने विचारलं. तो म्हणाला, नाही, जिना चढलोय म्हणून होतंय. पुढचे कित्येक आठवडे या एका उत्तरावरच काम चाललं. हा व्यायाम तिने डॉक्टरांचे रिपोर्ट बघून मगच करवला होता, त्यामुळे वाचून घरी प्रयोग करू नका.

आता पैशांचं खरं गणित. फी शून्य असली तरी त्या दिवसाची हजेरी, दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं आणि दुपारचं खाणं धरलं, तर ‘मोफत’ भेट चांगलीच अंगावर येते. पॅनिकसाठी अशा बैठका साधारण आठ ते बारा लागतात, आणि मधे खंड पडला की पहिल्यापासून उजळणी. तेव्हा ठिकाण निवडताना ते किती नावाजलेलं आहे याआधी, तिथे दर आठवड्याला खरंच पोचता येईल का, हे बघा. आम्ही पहिल्याच दिवशी विचारलं की साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी वेळ मिळेल का. मिळाली. पुढे दर दुसरी बैठक फोनवर घ्यायलाही ती थेरपिस्ट मुलगी तयार झाली. फोनवरच्या बैठकीसाठी घरात एकांत हवा. दोन खोल्यांच्या घरात तो कुठून आणायचा? भाऊ शेजाऱ्यांच्या गच्चीवर जाऊन बसायचा.

प्रवास अजिबातच शक्य नसेल तर टाटा समाजविज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ ही सेवा बघा. 2012 पासून चालू आहे. प्रशिक्षित समुपदेशक फोनवर आणि ईमेलवर मोफत बोलतात. व्यसनाचा प्रश्न असेल तर वाट वेगळी, पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून त्याच कामात आहे.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली, ती तुम्ही आधीच तपासा. पगाराच्या स्लिपवर ‘ईएसआय’ची, म्हणजे कामगार राज्य विम्याची, कपात आहे का? महिन्याला 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या कामगाराच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि त्यात त्याचे व घरच्यांचे उपचार येतात, मानसोपचारसुद्धा. कंत्राटी कामगारही यात असतो. कंत्राटदार पैसे कापतो आणि कार्डाचं नाव काढत नाही, हे प्रकार नवे नाहीत. नंबर मागून घ्या.

नातेवाइकांना येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही नावं ऐकून धडकी भरते. तिथली प्रादेशिक मनोरुग्णालयं जुनी आहेत, पण त्यांना बाह्यरुग्ण विभागही आहे. ओपीडीत दाखवलं म्हणजे कोणी आत ठेवून घेत नाही.

‘काऊन्सेलर’ अशी पाटी कोणीही लावू शकतं, आणि स्वस्तातल्या पाट्यांत भोंदू फार. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. नंबर विचारला म्हणून खरा माणूस रागावत नाही. आमच्याच गावात एकाने ‘तीन सिटिंगमध्ये गॅरंटी’ म्हणून आगाऊ पैसे मागितले होते. तिथून उठून आलो. औषध दुकानदार ओळखीतून चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी देत असेल, तर त्यालाही नमस्कार करा. त्या गोळ्यांची सवय लागते आणि मग सोडवण्याचं वेगळंच काम होऊन बसतं.

वाट बघण्याच्या काळात त्रास वाढला, जीव देण्याचे विचार बोलून दाखवले, तर तारखेची वाट बघू नका. कुठल्याही सिव्हिलच्या अपघात विभागात रात्रीही जा, किंवा 108 ला फोन करा. कीटकनाशकाचे डबे, साठवलेल्या गोळ्या आधी घराबाहेर काढा आणि माणसाला एकटं सोडू नका.

कागद जपा. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार सरकारी वा सरकारी खर्चावर चालणाऱ्या ठिकाणी उपचार मिळणं हा हक्क आहे, आणि स्वतःच्या उपचारांची नोंद मागण्याचाही हक्क रुग्णाला आहे. शिकाऊ थेरपिस्टची बॅच बदलते तेव्हा हा कागद फार उपयोगी पडतो. आमच्या शिकाऊ थेरपिस्टचा कोर्स संपत आला, तेव्हा तिने स्वतःच महिनाभर आधी सांगितलं, सारांश लिहून दिला आणि शेवटच्या बैठकीला नव्या थेरपिस्टला बरोबर बसवलं. तुमच्याकडे कोणी आपणहून हे करत नसेल तर सुरुवातीलाच विचारून ठेवा: तुमचा कोर्स कधी संपतो, आणि पुढे आमची केस कोणाकडे जाईल?