मशीन नेमकं याच ओळीवर बंद पडलं तर?

तिकडून मित्र विचारतात, परदेशातल्या कामात वेगळं काय? माझ्यापुरतं सांगायचं तर इथल्या टीममध्ये कुठल्याही डिझाइनवर एक प्रश्न ठरलेला असतो: कोडच्या नेमक्या याच ओळीवर मशीन बंद पडलं तर? आधी मला ती खुसपटं वाटायची. वर्कफ्लो इंजिनच्या, म्हणजे कामाच्या पायऱ्या ठरल्या क्रमाने पुढे नेणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, टायमरवर काम सुरू झाल्यापासून मीच हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारतो.

'३ दिवसांत मंजुरी नाही आली तर अर्ज वरिष्ठांकडे पाठवा' असं प्रोसेसमध्ये लिहिलं की आत कुठेतरी घड्याळ टिकटिकत असेल असं वाटतं. पण कामुंडा ७ सारख्या इंजिनात टायमर म्हणजे डेटाबेसमधली एक नोंद असते. मुदत कधी, प्रयत्न किती उरले, लॉक (काम सध्या कुणी धरलंय याची खूण) कुणाकडे, हेच मुख्यतः तिच्यात. जॉब एक्झिक्युटर, म्हणजे इंजिनचा अशी कामं चालवणारा भाग, मुदत उलटलेल्या नोंदी शोधून स्वतःच्या नावे लॉक करतो आणि ते लगेच कमिट करतो, म्हणजे डेटाबेसमध्ये पक्कं करतो. काम मात्र दुसऱ्या ट्रान्झॅक्शनमध्ये होतं, म्हणजे एक तर सगळे बदल होतात नाहीतर एकही नाही. टायमरची नोंद काढणं आणि प्रोसेस पुढच्या थांब्यापर्यंत नेणं, दोन्ही एकत्र. मध्ये एरर आली की सगळं रोलबॅक, म्हणजे पूर्ववत, होतं आणि ३ प्रयत्नांतला एक कमी होतो. प्रयत्न संपले की इन्सिडंट, म्हणजे काम अडकल्याची नोंद, मग माणसाने बघायचं. मशीनच गेलं तर? लॉक मुळात ५ मिनिटांचाच असतो, तो संपला की दुसरा सर्व्हर ती नोंद उचलतो.

काम ५ मिनिटांपेक्षा जास्त चाललं तर पहिला सर्व्हर जिवंत असतानाच दुसरा तेच काम सुरू करू शकतो. डेटाबेसमध्ये एकाचंच कमिट टिकेल, पण दोघांनी पाठवलेले ईमेल? रोलबॅक ईमेल परत आणत नाही. म्हणून ईमेलच्या पायरीआधी आणि नंतर असिंक सीमा घालायची (तिथपर्यंतचं काम कमिट करून पुढचं वेगळ्या ट्रान्झॅक्शनमध्ये न्यायचं), म्हणजे पुढे काही बिघडलं तरी ईमेलची पायरी पुन्हा चालत नाही. तरीही पाठवणं आणि कमिट यांच्यामध्ये फट उरतेच. तिथे समोरच्या सिस्टिमने विनंतीचा क्रमांक ओळखून दुसरी प्रत टाकून द्यायला हवी. याला पळवाट मला तरी सापडलेली नाही.

मला सगळ्यांत आवडणारा पेच वेगळाच आहे. मुदत संपताना टायमर सुटतो आणि त्याच क्षणी साहेब 'मंजूर' दाबतात. दोन्ही ट्रान्झॅक्शन एकाच नोंदीवर येतात, ऑप्टिमिस्टिक लॉकिंग (नोंद मधल्या काळात कुणी बदलली का, हे लिहिताना तपासणं) एकालाच आत घेतं. टायमर हरला तर त्याचा प्रयत्नही वजा होत नाही, कुणाला पत्ता लागत नाही. साहेब हरले तर एरर थेट त्यांच्या स्क्रीनवर. तिथे काय लिहायचं, यावरच आमची चर्चा सगळ्यांत लांबते.