पाडवा ते आखाजी: हेराल्डच्या सीटा उसवल्या त्याची हकिकत

मामांनी गाडी दिली तेव्हा एकच अट घातली, विकायची नाही. तिच्यात बसता पण आलं पाहिजे हे बहुतेक त्यांच्या डोक्यात आलं नसावं, कारण शिरपूरहून अमळनेरला आणली तेव्हा ड्रायव्हर सीटवर पोत्याची चौपदरी घडी टाकून बसलो होतो आणि तरी फ्रेमची पट्टी मांडीला टोचत होती ती टोचतच होती.

गाडी म्हणजे स्टँडर्ड हेराल्ड, दोन दारांची. मूळची इंग्लंडची ट्रायम्फ हेराल्ड, १९५९ मध्ये आलेली, तिची आखणी मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाची, आणि १९६१ पासून ती आपल्याकडे मद्रासला बनायला लागली, ९४८ सीसीचं इंजिन. पुढचं अख्खं तोंड मडगार्डासकट पुढच्या बाजूला उघडतं आणि गाडी एवढ्याशा जागेत वळते की आमच्या गल्लीत रिक्षावाले पण बघत राहतात. पोरं विचारतात स्पोर्ट्स कार आहे का. मी सांगतो नाही रे बाबांनो, पण हिचीच चॅसी आखूड करून १९६२ ला तिकडे स्पिटफायर काढली ती खरी स्पोर्ट्स कार, ही तिची मोठी बहीण. मोठ्या बहिणीच्या वाट्याला जे येतं तेच हिच्या वाट्याला आलं, तीस वर्षं तालुक्यातली लग्नं उरकली हिने, नवरदेव मागे बसवून.

रेक्झिन पूर्ण गेलेलं होतं. छताचं कापड तर मामांनीच कधीतरी ओरबाडून टाकलेलं, नुसत्या तारा लोंबत होत्या. गावात एक कुशनवाले आप्पा आहेत, ट्रॅक्टरच्या, बुलेटच्या सीटा आणि सोफे करतात, त्यांच्याकडे गेलो तर म्हणाले गाडी इथं आणू नको, सगळं काढून मोकळं घेऊन ये, आणि वर म्हणाले, "जुनं फाडू नको, तेच माप शे." हे वाक्य मी ऐकलं, मान पण हलवली, पण त्याचा अर्थ कळायला आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, उजाडली.

पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सुरू केलं. आधी बॅटरीची वायर काढली, मग मोबाइलवर फोटो, आणि इथं एक सांगतो, फोटो लांबून काढून उपयोग नाही. मी पहिल्या दिवशी साठेक फोटो काढले आणि नंतर बघितलं तर सगळे असे की गाडी छान दिसते. कोणता स्क्रू लांब, कोणता आखूड, वायसर पत्र्याच्या बाजूला की बाहेरून, हे एकात पण दिसेना. मग सगळं परत, जवळून, शेजारी मोजपट्टी धरून.

सीटचे बोल्ट. आमच्याकडे मिलिमीटरचे पाने, घरोघरी तेच असतात. बाराचा पाना बसत नाही आणि तेराचा गरगर फिरतो. मी तेराचा जोर लावून एका बोल्टचं डोकं गोल करून ठेवलं तेव्हा शेजारचे नाना ओट्यावरून म्हणाले, अरे ती विलायती गाडी आहे, तिला चार सुती पाना लागतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर, म्हणून तेरा जवळपास बसतो आणि घात करतो. नानांनी त्यांच्या जुन्या पेटीतून पाना काढून दिला. गाडीखाली झोपून बोल्टांना गंजाचं तेल मारलं, रात्रभर भिजू दिले, सकाळी तीन निघाले. चौथा म्हणजे तोच गोल केलेला, तो वेल्डिंगवाल्याकडून त्याच्यावर नट वेल्ड करून काढला. वेल्डिंगच्या आधी खालचा नमदा, म्हणजे जाड लोकरी अस्तर, काढा, बाजूला ओली चादर ठेवा, पेट्रोलची गाडी आहे.

सीट बाहेर आल्यावर खरी मजा. मूळचं खाली काय होतं देव जाणे, माझ्या गाडीत सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या ताणून बांधलेल्या, त्याच्यावर गोणपाट, त्याच्यावर काथ्या, त्याच्यावर फोम जो आता फोम नव्हता, हातात घेतला की पिवळी भुकटी व्हायची. मागच्या सीटखाली उंदरांनी काथ्या कातरून छान बाळंतिणीची खोली केलेली, आत ज्वारीचे दाणे. नाकाला रुमाल बांधा आणि आधी पाण्याचा फवारा मारा, कोरडं झाडू नका, मी पहिल्या दिवशी कोरडं झाडलं आणि दोन दिवस शिंकत होतो. आणि सीटची पाठ नि बैठक जिथं मिळते त्या फटीत हात घातला तर मूठभर अक्षता निघाल्या, हळद लागलेल्या, काहींची हळद अजून पिवळी होती, सोबत चमकी आणि एक पितळी वीस पैसे, कमळवालं. ते नाणं १९६८ ते ७१ एवढीच वर्षं निघालं म्हणे. नाण्याकडे बघत बसलो आणि त्या दिवशी काम झालंच नाही.

कव्हर फ्रेमला सी-क्लिपांनी धरलेलं असतं, तारेच्या कड्या दाबून बसवलेल्या. त्या पकडीने पिळून काढायच्या, ओढायच्या नाहीत, ओढलं की कापड फाटतं. एका सीटला चौतीस निघाल्या. क्लिपा गेल्या तरी चालतात, नव्या मिळतात, पण कव्हरच्या शिवणीत ज्या सळ्या असतात त्या जपून ठेवायच्या, त्यांचा बाक प्रत्येक सीटचा वेगळा असतो. छताच्या तारांचंही तसंच, समोरून मागे प्रत्येकीचा बाक निराळा, मी चिकटपट्टी लावून एक ते शेवटपर्यंत नंबर घातले आणि डावीकडच्या टोकाला लाल दोरा बांधला.

मग दारं. काच वरखाली करायचं हँडल निघाल्याशिवाय पॅनल निघत नाही आणि हँडलला कुठं स्क्रूच दिसत नाही. अर्धा तास ओढलं. गंमत अशी की हँडलच्या मागे गोल चकती असते ती पॅनलकडे आत दाबायची, तिच्यामागे स्प्रिंग असल्यामुळे ती दबते, आणि मग हँडलच्या मानेत आरपार घातलेली बारीक पिन दिसते, ती बारीक खिळ्याने एका बाजूने ढकलायची. एका हाताने चकती, दुसऱ्या हाताने खिळा, आणि तिसरा हात पिन झेलायला. तिसरा हात म्हणजे पुतण्या. त्याचं लक्ष मोबाइलमध्ये, पिन उडाली ती ओट्याखाली, जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून तासभर मासे पकडल्यासारखं फिरवलं तेव्हा सापडली. दुसऱ्या दाराच्या वेळी हँडलभोवती फडकं गुंडाळलं, पिन फडक्यातच राहिली. अजून एक, काच पूर्ण वर केल्यावर हँडल कुठल्या दिशेला उभं आहे त्याचा फोटो घ्या, नाहीतर बसवताना ते गुडघ्याला लागेल असं बसतं.

पॅनल क्लिपांवर दाबून बसवलेलं. स्क्रू ड्रायव्हरने एका जागी उचकलं की हार्डबोर्ड क्लिपपाशी तुटतो, तो रुंद पात्याने क्लिपच्या अगदी शेजारी उचलावा लागतो. आमच्या घरातलं उलथनं यासाठी काय झकास आहे सांगू. बायकोने ते परत घ्यायला नकार दिला आहे, नवीन आणून दिलं. क्लिपा मात्र निम्म्या गंजून हातातच मोडल्या, आणि आजकालच्या गाड्यांच्या प्लॅस्टिकच्या क्लिपांना हे भोक लहान पडतं.

डाव्या दाराचा हार्डबोर्ड खालून असा फुगलेला की पाणी लागलेली बिबडीच, म्हणजे आमच्याकडचा ज्वारीचा पापड. कारण समजून घेण्यासारखं आहे, पावसाचं पाणी काचेच्या रबरावरून दाराच्या पोटात जातंच, ते जाणारच, दाराच्या खाली त्याला बाहेर पडायला भोकं असतात. ती भोकं मातीने बुजलेली, आणि पॅनलच्या मागे जो कागद किंवा प्लॅस्टिक लावतात तो कुणीतरी काढून फेकलेला, म्हणून पाणी सरळ बोर्डात. सायकलच्या तारेने भोकं मोकळी केली, मूठभर चिखल निघाला. नवीन प्लॅस्टिक म्हणून केळीच्या बागेतला मल्चिंग पेपर दुहेरी करून वापरला, आमच्याकडे त्याला तोटा नाही.

चिकटवलेलं रेक्झिन सोडवायला लोक गरम हवेचं मशीन आणतात. आपल्याकडे एप्रिल आहे की. सकाळी सहा ते नऊ काम करायचं, पॅनल उन्हात पत्र्यावर टाकायचं, दुपारी अडीचला हातमोजे घालून उचलायचं. ४३ डिग्रीला जुना गोंद लोण्यासारखा सुटतो, रेक्झिन एका तुकड्यात निघतं. हेच मी थंडीत एकदा कोपऱ्यात करून बघितलं होतं तेव्हा ते वाळक्या पापडासारखं कडकन मोडलं होतं.

आता ती गोष्ट. सीटांची कव्हरं मी नीट उसवली, ब्लेडने फक्त दोरा कापत, आणि उसवायच्या आधी प्रत्येक शिवणीवर चार चार बोटांवर आडव्या खुणा केल्या, म्हणजे दोन तुकडे परत जुळवताना खुणेला खूण लागते. मागून नंबर, पुढची दिशा दाखवणारा बाण, सगळं. डाव्या सीटचे तुकडे इस्त्री करून वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवले. उजव्या सीटचे, म्हणजे ड्रायव्हरचे, जास्त मळके होते म्हणून धुऊन ओट्यावर वाळत घातले. आणि दोन दिवसांवर आखाजी. दोन्ही बहिणी माहेरी येणार, घराची झाडझूड, ओटा सारवायचा. मी दुकानातून जेवायला आलो तर ओटा लख्ख. मायला विचारलं तर म्हणे भंगारवाला आला होता, त्याला ते फाटकं देऊन टाकलं. "कचराच व्हता ना तो, माले काय माहीत!" वर त्याच्याकडून एक प्लॅस्टिकचा डबा घेतलेला. तिला काय बोलणार, दिसायला कचराच होता तो. मोटरसायकल काढून त्या भंगारवाल्याला दोन तास शोधलं, सापडला, पण रेक्झिन भंगारात चालत नाही म्हणून त्याने ते आधीच कुठंतरी टाकून दिलेलं.

आखाजीला बहिणींनी हट्ट धरला गाडीत बसायचंच. सीटा नाहीत, दारांना पॅनल नाही. मग मागे गोधड्या अंथरल्या, बहिणी, भाच्या, मायसुद्धा बसली, मी केळीच्या उलट्या क्रेटवर बसून स्टेअरिंग धरलं आणि इंजिन बंद ठेवून पोरांनी गल्लीच्या टोकापर्यंत ढकललं. आतून आखाजीची गाणी चालू. पुरणाच्या पोळीच्या दिवशी ढकलायला पोरं मिळतात, एरवी नाही मिळत.

लगेच पुढे सखाराम महाराजांची यात्रा, बोरीच्या पात्रात सगळं गाव, आप्पांचं दुकान बंद. यात्रा झाल्यावर सगळं टेम्पोत घालून नेलं. आप्पांनी चष्मा वर केला. "हाई काय लई उना रे भो?" म्हणजे हे काय घेऊन आलास. डावे तुकडे बघून खूश झाले, खुणांवरून बोट फिरवलं, उजवे विचारले, मी सांगितलं. काही बोलले नाहीत, डावे तुकडे उलटे करून नव्या रेक्झिनवर ठेवले आणि खडूने उतरवायला लागले. डाव्याचं उलटं म्हणजे उजवं, हे मलाही पटलं.

फक्त ड्रायव्हर सीटची फ्रेम कधीतरी वाकून वेल्ड केलेली होती, उजवा कोपरा अर्धा इंच खाली. जुन्या कव्हरला त्या कोपऱ्यात कुणीतरी बोटभर रुंद पट्टी जोडलेली होती, मला आठवतं, मी उसवताना हसलो पण होतो की हे काय ठिगळ. ते ठिगळ नव्हतं, ते माप होतं. माझ्याकडे त्याचा एक फोटो आहे, मोजपट्टीशिवायचा, पहिल्या दिवसाच्या त्या साठातला.

सगळं मिळून अकरा मीटर रेक्झिन लागलं, गडद लाल, पांढरी पायपिंग. ट्यूबच्या जागी नव्या रबरी पट्ट्या, काथ्या नाही, दोन घनतेचे फोम, खाली कडक वर मऊ. डावी सीट अशी बसली की हात फिरवत राहावं. उजवीच्या त्या कोपऱ्यात एक चुणी पडली, आप्पांनी दोनदा उसवून परत शिवली, वाफ दिली, खाली फोमचा तुकडा सरकवला, चुणी बारीक झाली पण गेली नाही. तिसऱ्यांदा उसवायला निघाले तेव्हा मीच नको म्हटलं.

त्यांनी सुई ठेवली, मला सीटवर बसवलं, लांबून चुणी दिसते का ते बघितलं आणि म्हणाले, "तू बसना का ती दखास नही."