फोंडा घाटात काटा चढला: आंब्याच्या पिकअपमधली कूलंटची गळती शोधताना

मे महिन्यात देवगडहून पुण्याच्या मार्केट यार्डात आमच्या आठ-दहा फेऱ्या होतात. या खेपेला 70 पेट्या भरून दुपारी चारला निघालो. सोबत धाकटा चुलतभाऊ होता. नांदगाव तिठा ओलांडून फोंड्यात चहा घेतला आणि घाटाला लागलो. अर्धा घाट चढला असेल नसेल, तोच भाऊ म्हणाला, "दादा, काटो बघ. वर चढताहा."

हे अचानक झालं नव्हतं. दोन आठवडे कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची, बाटली खाली जात होती. दोन फेऱ्यांमागे अर्धा लिटर जायचं. आमच्याकडच्या एका गॅरेजात रेडिएटरचं टोपण बदललं, खालच्या होज पाइपची क्लिप आवळली. दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच. मग तिथे सांगितलं की इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावर ओल दिसते आहे, म्हणजे मागच्या बाजूने हेड गॅस्केट (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलंय, इंजिन खोलावं लागेल. भर हंगामात आठवडाभर गाडी उभी ठेवणं परवडणारं नव्हतं. म्हणून विहिरीचं पाणी कॅनमध्ये घेऊन भरत राहिलो. ही माझी चूक, आणि पुढे ती महागात पडली असती.

तापमानाचा काटा लालकडे सरकताच मी एसी बंद केला आणि हीटर पूर्ण सोडला. हीटर इंजिनातली उष्णता केबिनमध्ये ओढून घेतो. काटा थोडा खाली आलाही. पण पाचेक मिनिटांत हीटरच्या जाळीतून गार वारा यायला लागला. ही खूण नीट लक्षात ठेवा. इंजिन तापलेलं असताना हीटर गार वारा देत असेल, तर त्याच्यापर्यंत पाणीच पोचत नाही, म्हणजे आत पाणी उरलेलं नाही. अशा वेळी तापमानाचा काटा खाली आला तरी त्याच्यावर विसंबू नका. सेन्सर पाण्यात बुडालेला नसला की काटा खोटं दाखवतो. गाडी जिथे जागा मिळेल तिथे कडेला घ्यायची आणि बंद करायची. आम्ही तेच केलं, चाकांमागे दगड लावले, बॉनेट उघडलं. गोडसर वास आला. तो कूलंटमधल्या ग्लायकॉलचा.

पाऊण तासाहून जास्त थांबलो. पेट्यांवरची ताडपत्री सोडून आंब्याला वारा दिला. मागून आलेल्या एका टेंपोवाल्याने सांगितलं, टोपण काढून गार पाणी ओता, लगेच निघाल. त्याने आपुलकीनेच सांगितलं, पण तसं अजिबात करू नका. रेडिएटर दाबाखाली असतो. टोपण काढलं की दाब एकदम जातो, पाणी क्षणात उकळून उसळतं आणि तोंड-हात भाजतात. शिवाय तापलेल्या इंजिनात गार पाणी पडलं तर हेडला तडा जाऊ शकतो. रेडिएटरवर हात ठेवता येईल इतका तो निवल्यावर जाड ओलं फडकं धरून टोपण पहिल्या खाचेपर्यंतच फिरवलं. उरलेली वाफ गेल्यावर मग उघडलं. इंजिन सुरू करून बारीक धारेने पाणी सोडलं, ते चार लिटर मावलं.

तिथून कोल्हापूरपर्यंतचा रस्ता खूप मोठा वाटला. दाजीपूरपासून साधारण 80 कि.मी. आहे, आणि गव्यांच्या जंगलातून अंधारात दर 12-15 कि.मी.ला थांबून बॉनेट उघडायचं म्हणजे जीव मुठीत धरून. राधानगरीत दोन्ही कॅन पुन्हा भरून घेतले. साडेअकराला कोल्हापूरच्या मार्केट यार्डात पोचलो. ओळखीची एक गाडी पुण्याला निघालेली होती, तिच्यात पेट्या चढवल्या आणि भावाला त्या गाडीबरोबर पाठवलं.

रात्री झोपण्याआधी एक काम केलं आणि त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला. आंब्याच्या खोक्यांचे पुठ्ठे उलगडून पिकअपखाली पुढच्या बंपरपासून गिअरबॉक्सच्या मागेपर्यंत अंथरले आणि खडूने पुढची बाजू बाणाने दाखवली. सकाळी दोन डाग होते. मोठा हिरवट डाग गिअरबॉक्सच्या जोडाखाली, गॅरेजवाल्याने ओल दाखवली होती तिथेच. दुसरा रुपयाएवढा, बराच पुढे, पंख्याच्या थोडा मागे. मोठा डाग बघून माझ्या पोटात गोळा आला. लहान डागाकडे मी लक्षच दिलं नव्हतं.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींकडे गाडी न्यायची म्हणून किल्ली लावणार, तर फोनवर ते म्हणाले, "चालू करू नकोस. टोचन करून आण. थंड हाय तवरच घावंल." कारण साधं आहे. इंजिन गरम झालं की धातू प्रसरण पावतो आणि बारीक फटी मिटतात. त्यातून जे थोडं गळतं तेही तापलेल्या ब्लॉकवर लगेच सुकून जातं आणि मागे फक्त पांढरट-हिरवी खर उरते.

मिस्त्रींनी आधी हवेच्या नळीने इंजिन पूर्ण कोरडं केलं. मग रेडिएटरच्या तोंडाला हातपंपाचं टेस्टर लावून दाब दिला. आमच्या टोपणावर 0.9 आकडा आहे, तो बारमध्ये, म्हणजे चौरस इंचाला 13 पौंडांच्या आसपास. टोपणावर लिहिलंय त्यापेक्षा जास्त दाब कधी देऊ देऊ नका, जुने होज पाइप त्याने फुटतात. दहा मिनिटांत टेस्टरचा काटा दोन पौंड उतरला. वरचा पाइप कोरडा, खालचा कोरडा, रेडिएटरची टाकी कोरडी. मग त्यांनी दांडीचा छोटा आरसा वॉटर बॉडीखाली, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणाऱ्या पंपाखाली, धरला, बॅटरी मारली आणि मला वाकून बघायला सांगितलं.

पंपाच्या पोटाला काडेपेटीतल्या काडीएवढं एक भोक आहे. त्याच्या कडेला हिरवट थेंब फुगत होता. फुगला, लोंबला, पुलीमागे पडला. पुन्हा नवा जमायला लागला.

हे भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. पंपातलं सील झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर पडावं म्हणून. त्यामुळे तिथे एम-सील थापून भोक बुजवायचं नाही. मिस्त्री म्हणाले, "दादा, टिपकतंय तिथं गळत नसतंय. सगळ्यात वरची आन् सगळ्यात पुढची ओल हुडकायची." गाडी चालताना पंखा वारा मागे फेकतो. त्या वाऱ्याने हा थेंब इंजिनच्या पोटाखालून सरकत गिअरबॉक्सच्या जोडावर जमत होता. तिथली ओल बघून आमचं इंजिन खोललं गेलं असतं.

माझ्या समाधानासाठी त्यांनी हेडचीही तपासणी केली. ऑइलच्या पट्टीवर दुधाळ फेस नव्हता, इंजिन चालू केल्यावर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडेही नव्हते. पट्टा काढून पंखा हलवला तेव्हा मात्र शाफ्टला खेळ जाणवला. आमच्या गाडीत पंखा याच शाफ्टवर आहे. बेअरिंग तुटलं असतं तर पंखा थेट रेडिएटरमध्ये घुसला असता.

नवी वॉटर बॉडी, पॅकिंग, पट्टा, गंजलेल्या दोन क्लिपा, कूलंट आणि मजुरी मिळून पाच हजारांच्या आत काम झालं. जास्त वेळ गेला आतली सफाई करण्यात. विहिरीच्या पाण्यामुळे तांबूस गाळ निघत होता. तीनदा धुतल्यावर स्वच्छ पाणी आलं. साध्या पाण्यातल्या क्षारांची खर आत बसते आणि गंजही धरतो, म्हणून अडचणीत भरलंत तर पोचल्यावर लगेच काढून टाका. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरलं, गाडीचं तोंड चढावर ठेवून हीटर चालू करून हवा काढली. काढलेलं जुनं कूलंट झाकणाच्या डब्यात ठेवलं. ते गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात आणि त्या विषाने मरतात, उघड्यावर ओतू नका.

तुमच्याकडे बाहेर कुठेच ओल नसेल आणि तरी पाणी घटत असेल, तर आधी सीटपुढची चटई हाताने दाबून बघा. ती चिकट-ओली असेल तर हीटरच्या आतली, गरम पाणी फिरतं ती जाळी गळते आहे. गोडसर वासाचा पांढरा धूर मागून येत राहिला तर पाणी इंजिनात जळतंय, तेव्हा गाडी पुढे चालवूच नका.

घाटात जाणार असाल तर फोंड्याच्या बाजारातच थांबून बॉनेट उघडा. वर मला ना गॅरेज दिसलं, ना मोबाइलला रेंज मिळाली. दहा लिटरचा कॅन, जाड फडकं, दोन जादा क्लिपा, पेचकस आणि बॅटरी एवढं सीटमागे असू द्या.

दुसऱ्या दिवशी रिकाम्या गाडीने त्याच घाटातून उतरलो. घरी आल्यावर कूलंटच्या बाटलीवर पातळीशी पांढरी चिकटपट्टी लावली. रोज सकाळी, इंजिन थंड असताना, भाऊ ती बघून येतो. आज अकरावा दिवस, त्यात दोन फेऱ्या भरलेल्या गाडीने झाल्या. पाणी पट्टीशीच आहे.