काट्यावरची रात्र

गाळप हंगामात साखर कारखान्यातून रात्री साडेनऊला फोन आला की समजायचं, काट्यावर काहीतरी अडलंय. या वेळी वजनकाटा ठणठणीत होता. सर्व्हरवर वजन सेव्ह होऊन पावती निघायला पाऊण मिनिट लागत होतं, एवढंच. पण ट्रॅक्टरची रांग फाट्यापर्यंत गेली होती, आणि तोडलेला ऊस जेवढा उभा राहील तेवढा वाळतो. वजन जातं ते शेतकऱ्याचं.

मी पोचलो तेव्हा निदान तयारच होतं. सॉफ्टवेअरवाले म्हणाले, रॅम वाढवा. ते नेहमी हेच म्हणतात. लोड अ‍ॅव्हरेज (चालू आणि खोळंबलेल्या प्रोसेसची सरासरी) ३४ होतं खरं, पण सीपीयू जवळपास रिकामा. म्हणजे प्रोसेस राबत नव्हत्या, डिस्कच्या दारात ताटकळत होत्या. डिस्कची गती दाखवणाऱ्या आयोस्टॅटमध्ये लिहिण्याचा अवेट, म्हणजे एका लिहिण्याला लागणारा सरासरी वेळ, १९० मिलिसेकंद.

आधी संशय एखाद्या सुस्त डिस्कवर गेला. डेटा अनेक डिस्कवर वाटून ठेवणाऱ्या रेड-५ मध्ये एक डिस्क अडखळली की बाकीच्या पाच तिच्यासाठी थांबतात, आणि पुढचे दिवे मात्र हिरवेच असतात. सहाही डिस्कचा स्मार्ट, म्हणजे डिस्कने स्वतः ठेवलेली तब्येतीची नोंद, तपासला. एकही खराब सेक्टर नाही. मग या डिस्क सांभाळणाऱ्या रेड कार्डाची माहिती देणारं मेगासीएलआय चालवलं. इतक्या वाईट आदेशांचं साधन दुसरं पाहिलं नाही मी, पण खोटं बोलत नाही. दोन ओळी दिसल्या: ठरवलेलं धोरण राइट-बॅक, चालू धोरण राइट-थ्रू.

कार्डावरची बॅटरी मेली होती. एरवी, म्हणजे राइट-बॅकमध्ये, कार्ड डेटा स्वतःच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या मेमरीत) घेतं, 'लिहिलं' म्हणून सांगतं आणि डिस्कवर सावकाश उतरवतं. वीज गेली तर ती कॅश बॅटरी जगवते. बॅटरी नाही म्हटल्यावर कार्ड धोका पत्करत नाही, प्रत्येक गोष्ट थेट डिस्कवर, हेच राइट-थ्रू. आणि रेड-५ मध्ये एक बारीकसं लिहिणं म्हणजे जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी (एखादी डिस्क गेल्यास डेटा परत काढायचा हिशोब) वाचा, मग दोन्ही नव्याने लिहा. चार फेऱ्या. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला अशा वाचण्या-लिहिण्याच्या ७५-८० फेऱ्या करणार. सहा डिस्कच्या मिळून साडेचारशे, भागिले चार. त्यात संध्याकाळपासून पंधरवड्याची तोडणी-वाहतूक बिलं सुरू.

लॉग सांगत होता, बॅटरी ११ दिवसांपूर्वीच गेली. इशाऱ्याचा मेल नोकरी सोडून गेलेल्या माणसाच्या नावावर जात होता. बझर कुणीतरी बंद केला होता. कटकट होते म्हणून!

पुण्याहून बॅटरी यायला दुसऱ्या दिवसाची दुपार. बिलं थांबवा म्हटलं, तर अकाउंटवाले साहेब म्हणाले, "सकाळी मुकादम दारात बसणार, त्यांना काय सांगू?" शिवाय बिलांचं काम मध्येच मारलं तर रोलबॅक, म्हणजे अर्धवट झालेलं सगळं उलटवणं, तोही याच रखडलेल्या डिस्कवर. बाहेरून एक ड्रायव्हर डोकावला, "काय ओ साहेब, काटा कवा चालू हुतोय?"

मग मी बॅटरी नसतानाही राइट-बॅक चालू ठेवायचा आदेश दिला. ज्युनिअर पोरांना मी हेच कधी करू नका म्हणून सांगतो. कारखान्याची वीज बनवणारी टर्बाइन ट्रिप झाली असती, यूपीएसने दगा दिला असता, तर ५१२ एमबीपर्यंतचं लिहिलेलं हवेत गेलं असतं, आणि डेटाबेस मात्र सगळं नोंदलंय असं समजून बसला असता. करण्याआधी बॅकअप घेतला का? नाही. तोही तासभर खाणार होता.

अवेट ४ मिलिसेकंदांवर आला. पावत्या भराभर निघू लागल्या. सकाळपर्यंत मी यूपीएससमोर खुर्ची टाकून बसलो. मध्यरात्रीनंतर एकदा ट्यूबलाइट लुकलुकली, तेव्हा पोटात गोळा आला. वीज गेली नाही. बिलं पाचला संपली.

दुपारी बॅटरी आली. काढलेली जुनी पापडासारखी फुगली होती. धोरण पूर्ववत केलं. निघताना तिथल्या आयटीतल्या पोराने वही पुढे केली. माझा रात्रीचा आदेश त्याने स्वच्छ अक्षरात उतरवून घेतला होता, वर लिहिलं होतं, 'सर्व्हर स्लो झाल्यास'.

मी शीर्षक खोडलं आणि 'बॅटरी बघ' असं लिहिलं. आदेश खोडायला हात धजला नाही.