महाराजांची सर्दी

आमची गाडी 2013 ची, सेकंडहँड घेतलेली. डाव्या दरवाजातला स्पीकर दोन वर्षं घशात कायतरी अडकल्यासारखा बोलायचा, मृदंग सुरू झाला की तर कढईत फुटाणे भाजायलेत असं वाटायचं. मी आपलं रेकॉर्डिंगच तसलं असंल म्हणून सोडून द्यायचो. पण बापू शेजारी बसले की पेनड्राइव्हवरचं कीर्तन लागतं, अन् एकदा ते म्हणलेच, "या महाराजांना बारा महिने सर्दी असती का रे?"

परभणीत एका दुकानात विचारलं तर त्यानं अँप म्हणजे आवाजाला जोर देणारा अँप्लिफायर, सबवूफर, चार स्पीकर असा अठरा हजाराचा हिशोब मांडला. सोयाबीनचे पैसे यायचे होते अजून. म्हणलं आधी दरवाजा तरी उघडून पाहू. ओळखीच्या मिस्त्रीनं डोअर पॅड काढलं, स्पीकर बाहेर आला, अन् कोनच्या, म्हणजे आवाज काढणाऱ्या पडद्याच्या, कडेची फोमची रिंग बोट लावल्या लावल्या भुगा होऊन बोटालाच चिकटली. मे महिन्यात 43 डिग्रीत काचा लावून उभी असती गाडी, टिकंल किती बिचारी. मागचं मॅग्नेट तर बिस्किटाएवढं.

मग ठरवलं की फक्त पुढचे दोनच बदलायचे, कारण मागच्या सीटवर बहुतेक वेळा ढेपीची पोती असतात, त्यांना कसला आलाय स्टिरिओ. टेपवर '50 वॉट गुणिले 4' लिहिलेलं असतं ना, ते जत्रेतल्या पाटीसारखं, खरे सलग मिळतात पंधरा-वीस वॉट. म्हणून खोक्यावरचे ठळक 300-400 वॉट बघायचेच नाहीत, बारीक अक्षरातली सेन्सिटिव्हिटी बघायची, म्हणजे एका वॉटात किती मोठा आवाज निघतो ते, 90 डेसिबलच्या वर असली की अँपबिगर बी मोकळं वाजतं. साडेसहा इंची, 4 ओहमची को-ॲक्सियल, म्हणजे बारीक आवाजाचा छोटा स्पीकर मधोमधच बसवलेली, जोडी घेतली, अडीच हजारात. स्पीकर बसवायच्या रिंग अन् वायर जोडायचे कपलर वेगळे, म्हणजे कंपनीची वायर कापायची गरज नाही. बसवायच्या आधी काच पूर्ण खाली घेऊन पाहिली, मॅग्नेटला घासत नव्हती.

एवढं करून पहिल्यांदा वाजवलं तर बेस गायब! मिस्त्री हसला, भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला अन् वायरीला टेकवला. उजवा कोन बाहेर आला, डावा आत गेला. प्लस-मायनस उलटं लागलं होतं, एक पुढं की दुसरा मागं, नुसती भावकी. वायर फिरवली अन् मृदंग जागेवर आला.

खरा फरक मात्र पडला डॅम्पिंग शीटनं, म्हणजे पत्र्याची थरथर दाबायला आतून चिकटवायच्या शीटनं, हजार-बाराशेत दोन्ही दरवाजे झाले. आधी पत्र्यावर टिचकी मारली की रिकामा डबा वाजायचा, आता भरलेल्या पोत्यावर मारल्यासारखं ठप्प. खालची पाणी जायची भोकं तेवढी मोकळी ठेवली, नाहीतर पावसाळ्यात दरवाजा आतून सडतो. मला विचाराल तर पैसे कमी असतील तेव्हा स्पीकर साधा घ्या पण शीट सोडू नका.

परवा गंगाखेडला निघालो. बापूंनी थोडा वेळ कान देऊन ऐकलं, मग म्हणले, "हे महाराज दुसरेच हायेत का?"

म्हणलं, तेच.

"बरंय मग. आवाज कमी कर जरा, डोळा लागायलाय."

पोखर्णी फाट्याच्या आधीच घोरायले.